‘फाइल सापडत नाही’ हे लेखी घ्या: दंगल-संघर्षानंतर हरवलेल्या कागदांचा माग कसा काढावा

१९९२-९३च्या मुंबई दंगलीत ९०० माणसं मेली आणि १६८ बेपत्ता झाली. बेपत्ता म्हणजे प्रेत नाही, पंचनामा नाही, मृत्यूचा दाखला नाही. या १६८ पैकी ६० जणांच्या घरच्यांना भरपाई मिळाली. उरलेली १०८ कुटुंबं सरकारला सापडलीच नाहीत, कारण नोंदीतले पत्ते अर्धवट होते किंवा त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही कुटुंबं पुन्हा शोधा आणि दोन लाख रुपये २२ जानेवारी १९९९ पासूनच्या ९ टक्के व्याजासह द्या, असा आदेश दिला. त्याच निकालात दंगलीच्या ९७ खटल्यांचा उल्लेख आहे. आरोपी मिळत नाहीत म्हणून ते खटले सुप्त यादीत पडून होते, आणि तेही पुन्हा उघडण्यासाठी पावलं उचलायला न्यायालयानं सांगितलं. दंगल थांबली, आयोग बसला, अहवाल आला. तीस वर्षं काम अडलं ते एका पत्त्यापाशी.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांचं घर जळालं, माणूस गेला किंवा गाव सुटलं ते, आणि त्यांच्याबरोबर कचेऱ्यांचे जिने चढणारे कार्यकर्ते, नवे वकील, पत्रकार. कायद्याची कलमं जिथं लागतात तिथं दिली आहेत. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यामुळे घटना त्याआधीची असेल तर जुनं कलम लागू होतं का ते वकिलाला विचारा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ लक्षात ठेवा. वांशिक हिंसाचार, जातीय अत्याचार, सामूहिक आपत्ती यांत सापडलेल्यांना, तसंच स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पहिलं काम: कागद नेमका कसा गेला ते ठरवा

छावणीतला माणूस म्हणतो, ‘सगळं गेलं.’ त्याचं खरं असतं, पण कामासाठी ते वाक्य तीन भागांत फोडावं लागतं. एक, कागद जळाला, भिजला, फाडला गेला. दोन, कागद कचेरीत आहे पण देत नाहीत. तीन, कागद शाबूत आहे पण तिथवर जायची वाट बंद आहे. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि लोक बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचं दुःख करत बसतात, जेव्हा त्यांची अडचण तिसऱ्या प्रकारची असते.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक कागदासाठी एक ओळ: कोणता कागद, कोणत्या कचेरीनं दिला, अंदाजे साल, नंबर किंवा त्याचा काही भाग आठवतो का, आणि तो कागद आणखी कोणी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. हा शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे मूळ कागद स्वतः पाहिलेल्या माणसानं त्यातल्या मजकुराविषयी दिलेली तोंडी साक्षही दुय्यम पुरावा ठरू शकते. खरेदीखतावर सही करणारा साक्षीदार, कर्ज देताना कागद तपासणारा पतपेढीचा माणूस, सातबारा वाचून दाखवणारा पुतण्या, यांची नावं आत्ताच लिहून ठेवा. पाच वर्षांनी ते कुठं असतील सांगता येत नाही.

अर्धवट जळालेले कागद फेकू नका आणि उलगडायचाही प्रयत्न करू नका. जसे आहेत तसे पसरट डब्यात ठेवा, आधी फोटो काढा. भिजलेले कागद उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, वर्तमानपत्राच्या थरांत सुकवा. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात सुकवणं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे घाई टळते.

मग पोलिसांत जा. जाळपोळीच्या एफआयआरमध्ये ‘घरातील सामान जळाले’ एवढ्यावर सही करू नका. त्याखाली कागदांची यादी जोडा आणि ती जोडल्याचा उल्लेख फिर्यादीत करून घ्या. पुढं कोर्टात झेरॉक्स दाखवायची तर मूळ कागद होता आणि तो आपल्या चुकीविना गेला, हे आधी सिद्ध करावं लागतं. त्या सिद्धतेची सुरुवात या यादीपासून होते. फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.

दुसरं काम: जे अजून आहे ते नष्ट होऊ देऊ नका

आपल्याकडे दप्तर नेहमी आगीतच जात नाही. पुष्कळदा ते नियमानं जातं. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत नस्त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम ठेवायचं, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ पाच-दहा वर्षं आणि ‘ड’ एक वर्ष. ज्या कारकुनानं तुमच्या अर्जाला ‘ड’ लावला त्यानं काही गुन्हा केलेला नसतो, पण वर्ष संपलं की तो अर्ज रद्दीत जातो.

हाशिमपुऱ्याचं प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. २२ मे १९८७ रोजी मेरठच्या हाशिमपुरा मोहल्ल्यातून उत्तर प्रदेशच्या पीएसी या सशस्त्र पोलीस दलाच्या जवानांनी मुसलमान पुरुषांना ट्रकमध्ये घालून नेलं आणि चाळीसच्या आसपास माणसांना गोळ्या घालून कालव्यांत टाकलं. २०१५ साली सत्र न्यायालयानं १६ आरोपींना संशयाचा फायदा देऊन सोडलं. ट्रकवर नेमके हेच जवान होते हे सिद्ध होत नव्हतं. खटला चालू असतानाच, २००६ मध्ये, त्यातले काही कागद मुदत संपली म्हणून नष्ट केल्याचं पुढं सांगण्यात आलं. मग अपिलात राष्ट्रीय मानवी हक्क आयोग उतरला, आणि २०१८ साली पीएसीच्या ४१व्या बटालियनची जनरल डायरी जादा पुरावा म्हणून दाखल झाली. त्या दिवशी ट्रक किती वाजता निघाला, कोण कोण बसलं, याची रोजच्या हिशेबासारखी नोंद. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं सोळाही जणांना जन्मठेप दिली. एकतीस वर्षं ती डायरी कुठल्या तरी कपाटात होती.

म्हणून घटनेनंतर पहिल्या पंधरा दिवसांत ‘जतनपत्र’ पाठवा. कायद्यात या नावाचा नमुना नाही, साधं पत्र पुरतं. पोलीस ठाणं, अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालय, नियंत्रण कक्ष, सरकारी रुग्णालय, नगरपालिका, अग्निशमन दल यांना प्रत्येकी एक. त्यात दिनांक आणि वेळेची चौकट द्या आणि स्टेशन डायरी, वायरलेसचं लॉगबुक, गाड्यांची लॉगबुकं, नियंत्रण कक्षाला आलेल्या फोनांच्या नोंदी, सीसीटीव्ही, एमएलसी रजिस्टर (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या रुग्णांची रुग्णालयातली नोंद), बंबाच्या फेऱ्यांची वही या गोष्टी नावानिशी लिहा. ‘सर्व संबंधित अभिलेख’ असं मोघम लिहिलं की सगळं हातातून निसटतं.

घाई सर्वांत जास्त सीसीटीव्हीची करा. पोलीस ठाण्यांतलं चित्रण अठरा महिने, आणि तशी यंत्रणा नसेल तर निदान एक वर्ष ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं आहे. दुकानातला, सोसायटीतला, हॉस्पिटलच्या दारावरचा कॅमेरा मात्र काही दिवसांत जुनं पुसून नवं भरतो. तिथं पत्राची वाट न पाहता माणूस पाठवा. मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्या तुम्हाला थेट मिळणार नाहीत, पण तपास अधिकाऱ्यानं त्या मागवाव्यात असा अर्ज मुदतीच्या आत देता येतो.

प्रत्येक पत्राच्या स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याजवळ राहणाऱ्या प्रतीवर, आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती वहीत चिकटवा.

तिसरं काम: जुळी प्रत शोधा

माझ्या मते सगळ्या शोधाचं मर्म इथं आहे. सरकारी कागद एकटा जन्माला येत नाही. एका कचेरीतून निघालेल्या कागदाची जावक नोंद असते, दुसऱ्या कचेरीत आवक नोंद असते, कुठं तरी त्याचं बिल निघतं, कुठं तरी त्यासाठी गाडी जाते. मुख्य कागद दडवणाऱ्याला किंवा जाळणाऱ्याला ही सगळी पिलावळ आठवतेच असं नाही.

पंजाबात हे ज्यांनी दाखवून दिलं ते मानवी हक्क कार्यकर्ते जसवंत सिंग खालरा. दहशतवादाच्या काळात पोलिसांनी नेलेल्या माणसांची पोलिसांकडे नोंद नव्हती. खालरा आणि त्यांचे सहकारी स्मशानांकडे वळले. तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यातल्या पट्टी, तरनतारन आणि दुर्गियाना मंदिर इथल्या स्मशानांत ‘बेवारस’ प्रेतांच्या नोंदी होत्या. कोणत्या ठाण्यानं किती प्रेतं आणली आणि त्यांना किती लाकूड लागलं ते तिथं लिहिलेलं होतं, कारण लाकडाचे पैसे नगरपालिकेकडून घ्यायचे होते. जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी या नोंदी जाहीर केल्या. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सीबीआयनं तपास केला, तेव्हा या तीन स्मशानांत २,०९७ बेकायदा दहनं झाल्याचं निघालं. त्यातल्या ५८५ जणांची पूर्ण ओळख पटली, २७४ जणांची अर्धवट, आणि १,२३८ माणसं अनोळखीच राहिली.

तुमच्या प्रकरणात लाकडाची वही कोणती, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. काही वाटा सांगतो.

एफआयआर ठाण्यात सापडत नाही? तिची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे जावीच लागते. त्या कोर्टाच्या नक्कल विभागात विचारा. तपास बंद झाला असेल तर समरी अहवालही तिथंच असतो. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, ‘बी’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘सी’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. मुंबई दंगलीतले शेकडो गुन्हे ‘ए’ समरीनं मिटले, आणि आपली फिर्याद कधी बंद झाली हे अनेकांना कळलंही नाही. नव्या कायद्यात तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. कळवलं नसेल तर तेवढ्या एकाच मुद्द्यावर अर्ज द्या.

माणूस मेला, पण कागद नाही? इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे प्रेताचा पंचनामा, पोलिसांकडे राहतो, त्याचा अहवाल जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हाधिकारी किंवा प्रांत कचेरीत जातो. शवविच्छेदनाची प्रत रुग्णालयात असते. शवागाराची आवक-जावक वही वेगळी. प्रेत वाहून नेणाऱ्या गाडीचं लॉगबुक वेगळं. स्मशान, कब्रस्तान, दफनभूमी यांच्या वह्या नगरपालिकेकडे, ट्रस्टकडे किंवा मशिदीच्या जमातीकडे. जखमी असेल तर एमएलसी रजिस्टर, केसपेपर, रक्तपेढीची नोंद.

घर-जमिनीचा कागद गेला? हा भाग त्यातल्या त्यात सोपा. नोंदणी झालेल्या खताची प्रत दुय्यम निबंधकाकडे असते, आणि तिची नक्कल इंडेक्स टूवरून, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या सूचीवरून, मिळते. सातबारा ऑनलाइन मिळतो, पण भांडण असेल तर जुने फेरफार मागा. मालकी कशी फिरली ते त्यात दिसतं. घरपट्टीची आकारणी वही, वीजजोडणीचा अर्ज, गॅसचं कार्ड, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, बँकेत तारणासाठी दिलेल्या प्रती यांतला एकेक धागा ताबा दाखवतो. झोपडी असेल तर मतदार यादी आणि शिधापत्रिकेची कचेरीतली नोंद यांना सोन्याची किंमत आहे.

ओळख आणि वय? शाळेचं जनरल रजिस्टर. आमच्याकडच्या शाळा भांडकुदळ असतील, गळक्या असतील, पण जनरल रजिस्टर जिवापाड जपतात.

सरहद्दी बदललेल्या मुलखात आणखी एक प्रश्न विचारायचा: तेव्हा राजधानी कुठं होती आणि लिपी कोणती होती? १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे तिथल्या जुन्या नोंदींसाठी हैदराबादेला जावं लागतं आणि उर्दू-मोडी वाचणारा माणूस बरोबर न्यावा लागतो.

चौथं काम: मागणी अशी लिहा की पळवाट राहू नये

कोर्टाच्या कागदासाठी नक्कल अर्ज, कचेरीच्या कागदासाठी माहिती अधिकार. दोन्हीची गल्लत केली की महिना वाया जातो. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला एक विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे, म्हणून एका अर्जात दहा प्रश्न कोंबू नका. उत्तर तीस दिवसांत, आणि एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही.

‘माझ्या भावाचं काय झालं?’ हा प्रश्न माहिती अधिकारात चालत नाही, कितीही खरा असला तरी. कागदाचं नाव घ्यावं लागतं. आणि ‘प्रती द्या’ म्हणण्याआधी ‘पाहू द्या’ म्हणा. अभिलेख तपासण्याचा हक्क कायद्यात आहे, आणि समोर वही आली की कोणतं पान हवं ते आपोआप कळतं. अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

‘दिनांक … ते … या कालावधीतील आपल्या पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी, अकस्मात मृत्यू नोंदवही व बेपत्ता व्यक्ती नोंदवही तपासण्यासाठी व निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती घेण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी. यांपैकी एखादी नोंदवही उपलब्ध नसल्यास, (१) तिचा अभिलेख वर्ग व जतनाचा कालावधी कळवावा. (२) ती नष्ट केली असल्यास मंजुरीच्या आदेशाची व नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत द्यावी. (३) अन्य कार्यालयाकडे पाठवली असल्यास जावक क्रमांक व दिनांक कळवावा. (४) गहाळ असल्यास शोध घेतल्याबाबतच्या टिपणीची व दाखल केलेल्या तक्रारीची प्रत द्यावी.’

या अर्जातला दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

पाचवं काम: नकार लेखी घ्या

एका कचेरीच्या अभिलेख कक्षात मला पहिल्यांदा ‘मिळत नाही’ हे उत्तर मिळालं तेव्हा मी मुकाट परत आलो होतो. रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या फायलींच्या, ढिगाकडे बोट दाखवून तिथला माणूस म्हणाला, ‘तुम्हीच बघा की, यात काय सापडणार?’ मला ते पटलंही. तीच चूक. तोंडी ‘नाही’ला वजन नसतं. लेखी ‘नाही’ मात्र स्वतःच एक दस्तऐवज होतो. तो कोर्टात दुय्यम पुराव्याची वाट मोकळी करतो आणि कचेरीवर जबाबदारी टाकतो.

दिल्ली उच्च न्यायालयानं १३ सप्टेंबर २०१३ रोजी विश्वास भांबुरकर प्रकरणात स्पष्ट केलं की, एके काळी कचेरीत असलेली माहिती ‘सापडत नाही’ एवढ्यावर नाकारता येणार नाही. कसून शोध घ्यावा लागेल, आणि तरीही मिळाली नाही तर जबाबदारी निश्चित करावी लागेल. फाइल गहाळ असणं हे माहिती अधिकार कायद्यातल्या अपवादांत बसत नाही. पहिल्या अपिलात हा निकाल जोडा. अपिलाची मुदत उत्तरापासून तीस दिवस, दुसऱ्या अपिलाची नव्वद. तपास चालू आहे म्हणून नकार आला तर माहिती दिल्यानं तपासात नेमका कोणता अडथळा येतो ते कारणासह मागा.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आणि केंद्राचा १९९३ चा कायदा, दोन्हींत अभिलेख नियमबाह्य नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पहिल्याच अर्जात या कलमाची धमकी देऊ नका. कारकून घाबरला की कपाट बंद करतो. लेखी नकार हाती आल्यावर, वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात ते कलम शांतपणे नोंदवा.

‘असे कागद नाहीतच’ हे वाक्य किती टिकतं, ते ग्वाटेमालात दिसलं. ३६ वर्षांच्या यादवीनंतर तिथल्या सत्यशोधन आयोगानं पोलिसांचे अभिलेख मागितले, तेव्हा असं काही नाही, असं सांगण्यात आलं. आयोगाचा अहवाल १९९९ साली त्याविनाच आला. जुलै २००५ मध्ये राजधानीत पोलिसांच्या आवारातल्या स्फोटक साठ्याची पाहणी करायला गेलेल्या मानवी हक्क कार्यालयाच्या माणसांना एका पडीक इमारतीत कागदांचे डोंगर दिसले. सुमारे आठ कोटी पानं. ओल आलेली, वटवाघळांनी घाण केलेली. १८ फेब्रुवारी १९८४ रोजी बेपत्ता झालेला विद्यार्थी आणि कामगार कार्यकर्ता एडगर फर्नांडो गार्सिया याला कोणी नेलं याचा माग लागला तो याच ढिगात, आणि तोही कसा? त्या दिवशी त्या जागी केलेल्या ‘कामगिरी’बद्दल चार पोलिसांना पदक द्यावं अशी शिफारस सापडली. २०१० साली त्यातल्या दोघांना ४० वर्षांची शिक्षा झाली. दडपणाऱ्यांनी गुन्ह्याचा कागद लपवला असेल, पण बक्षिसाचा कागद त्यांना लपवावासा वाटला नव्हता. तेव्हा माग काढताना तक्रारीच्या फायलीइतकंच बढत्या, पदकं, भत्ते आणि पेट्रोलची बिलं यांच्याकडेही बघा.

सहावं काम: दप्तर शाबूत, वाट बंद

मणिपुरात ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी-झो या समाजांत हिंसाचार भडकला. साठ हजारांहून अधिक लोक विस्थापित झाले. बऱ्याच जणांचे आधार, जमिनीचे कागद, गुणपत्रिका घराबरोबर जळाल्या. पण डोंगरातल्या कुकी-झो कुटुंबांची अडचण वेगळीही होती. सचिवालय, संचालनालयं, उच्च न्यायालय, सगळं इंफाळमध्ये. दप्तर जागेवर होतं, पण तिथं पाऊल टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. इंफाळ खोऱ्यातल्या मैतेई कुटुंबांना चुराचांदपूरसारख्या जिल्ह्यातल्या कचेऱ्या तशाच बंद झाल्या.

सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्या. गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली तीन माजी न्यायमूर्तींची समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी तिच्यात होत्या. तपासावर देखरेखीसाठी महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना नेमलं. समितीच्या पहिल्या तीन अहवालांतला एक हरवलेल्या कागदांविषयीचाच होता. पुढच्याच महिन्यात न्यायालयानं, ओळख पडताळून विस्थापितांना आधार पुन्हा द्या, असा आदेश दिला. सीबीआयचे खटले गुवाहाटीला गेले, आणि साक्षीदारांनी मणिपुरातूनच दूरचित्र प्रणालीवर जबाब द्यावेत अशी सोय झाली.

यातून हाती लागणारं तंत्र असं. जिथं आहात तिथल्या ठाण्यात झीरो एफआयआर, म्हणजे घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद, द्या. हद्दीचं कारण सांगून पोलीस ती नाकारू शकत नाहीत. मात्र तिथं थांबू नका. मणिपुरात ४ मेच्या घटनेची १८ मे रोजी नोंदवलेली झीरो एफआयआर मूळ ठाण्यात नेहमीचा गुन्हा म्हणून २१ जूनला चढली. हा महिना तुमच्याही वाट्याला येऊ शकतो, म्हणून झीरो एफआयआरचा नंबर, ती पाठवल्याचा जावक क्रमांक आणि नव्या ठाण्याचा नंबर, या तिन्ही गोष्टी मिळेपर्यंत दर आठवड्याला लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज पोस्टानं जातो, आणि चुकीच्या कचेरीत गेला तर तो योग्य कचेरीकडे पाच दिवसांत पाठवणं त्यांचं काम आहे. छावणीतल्या नोंदवहीत नाव, मूळ गाव आणि आल्याचा दिनांक बिनचूक लिहून घ्या. पुढं विस्थापनाचा पहिला पुरावा तोच असतो. मुंबईच्या १०८ घरांचं जे झालं ते टाळायचं तर एक पत्ता पुरत नाही. नातेवाइकाचा, मालकाचा, गावाकडचा, असे तीन पत्ते आणि दोन फोन नंबर द्या.

सातवं काम: कोर्टापुढं मांडणी

मूळ कागद नष्ट झाला किंवा हरवला असेल, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६० खाली दुय्यम पुरावा देता येतो. तो विरुद्ध पक्षाच्या ताब्यात असेल तर आधी कलम ६४ ची नोटीस द्या. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरची सही-शिक्का खरा मानता येतो. पण योग्य ताबा म्हणजे काय हे सांगता आलं पाहिजे. ट्रंकेत होता, आजीकडे होता, मग मामाकडे गेला, ही साखळी लिहून ठेवा. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला मृत मानण्याची तरतूद कलम १११ मध्ये आहे. जन्म-मृत्यूची नोंद वर्ष उलटून गेल्यावर करायची असेल तर जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा, अथवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

मोबाइलवरचे व्हिडिओ हल्ली सर्वांत बोलका पुरावा असतात आणि सर्वांत आधी बिघडतातही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली प्रत आकसलेली असते आणि तिच्यातली मूळ तारीख-वेळ निघून जाते. ज्या फोननं चित्रण झालं तो फोन विकू नका, रीसेट करू नका. मूळ फाइल केबलनं काढा, तिचा हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारी तिची संगणकीय खूण, काढून कागदावर लिहा, आणि कलम ६३ खालचं प्रमाणपत्र तयार ठेवा. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण सांभाळणाऱ्यानं भरायचा आणि एक तज्ज्ञानं.

खटल्याचं दप्तरच हरवलं असेल तर? २००४ साली उत्तर प्रदेशातल्या एका फौजदारी अपिलात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, दप्तर हरवलं म्हणून आरोपीला नुसतं सोडून देता येत नाही. ते पुन्हा जुळवण्याचा प्रयत्न झाला पाहिजे. उलट २०२३ च्या एका निकालात, खालच्या कोर्टाचं दप्तर समोर नसताना शिक्षा कायम करता येणार नाही, असंही म्हटलं. म्हणजे हरवलेलं दप्तर दोन्ही बाजूंना बुडवतं. वकिलांकडच्या प्रती, सरकारी वकिलांच्या कचेरीतला संच, उच्च न्यायालयात आधी जोडलेले परिशिष्ट, यांतून संच पुन्हा उभा करता येतो. तुमच्या वकिलाकडचा जुना गठ्ठा कधीही रद्दीत घालू देऊ नका.

आठवं काम: आपलं दप्तर

तीन प्रती ठेवा: एक घरात, एक वकिलाकडे, एक दुसऱ्या गावात. स्कॅन केलेला संच पेनड्राइव्हवरही ठेवा आणि ईमेलवरही. वहीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका, प्रत्येक कागदावर क्रमांक, आणि तो कोणी, कधी, कोणाकडून आणला त्याची एक ओळ. साक्ष देणाऱ्यांची नावं आणि पत्ते मुख्य वहीत घालू नका. त्यांची यादी वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि कोणाचंही नाव पुढं देण्याआधी त्याला विचारा. जबाब लिहून घेताना त्याच्या तोंडचेच शब्द लिहा. आपल्या मराठीत सुधारलेला जबाब उलटतपासणीत ढासळतो.

ही सावधगिरी फाजील वाटत असेल तर खालरांचं पुढं काय झालं ते ऐका. ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्यांना अमृतसरमधल्या त्यांच्या घरासमोरून पोलिसांनी उचललं आणि मारलं. त्यांच्या खुनाबद्दल पोलिसांना शिक्षा झाली ती दहा वर्षांनी, २००५ साली. स्मशानांच्या नोंदी मात्र जानेवारीतच जाहीर झाल्या होत्या. म्हणून दुसऱ्या गावातली प्रत कोणाकडे आहे ते घरातल्या एकाच माणसाला सांगा, आणि ती कधी उघडायची ते पाकिटावर लिहून ठेवा.